पाठनिरीक्षणाचे तास देयकात व अनुभवात धरण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. कुलगुरू महोदय,

विषय : बी.एड. आंतरवासितेतील पाठनिरीक्षणाचे तास तासिका देयकात व अनुभव प्रमाणपत्रात धरण्याबाबत, तसेच एम.एड. व पीएच.डी. विद्यार्थ्यांच्या इतर मागण्यांबाबत.

महोदय,

सविनय निवेदन करतो की, याच विषयावरचे हे आमचे चौथे निवेदन आहे. पहिले दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये दिले, दुसरे त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी आणि तिसरे यंदा फेब्रुवारीत. तिन्हींवर आवक विभागाचा शिक्का व क्रमांक आहे. लेखी उत्तर एकाचेही आले नाही. तोंडी उत्तरे मात्र प्रत्येक वेळी मिळाली, आणि ती कोणत्या दिवशी कोणत्या शब्दांत मिळाली हे आम्ही वहीत नोंदवून ठेवले आहे. नियम, परिनियम आणि शासन निर्णय आपल्या कार्यालयाला आमच्याहून अधिक ठाऊक आहेत, म्हणून ते येथे पुन्हा उतरवत नाही.

निवेदनावर सह्या करणारे आम्ही शिक्षणशास्त्र विभागात तासिका तत्त्वावर शिकवतो. आमच्यातले बहुतेक इथलेच एम.एड. आहेत, सेट किंवा नेट उत्तीर्ण आहेत, आणि काही जण इथेच पीएच.डी.ला नोंदणी करून आहेत. सकाळी ज्याला बी.एड.ची मुले सर किंवा मॅडम म्हणतात, तोच दुपारी संशोधनाचे प्रकरण हातात घेऊन मार्गदर्शकांच्या दाराशी उभा असतो. त्यामुळे अध्यापकांच्या मागण्या आणि विद्यार्थ्यांच्या मागण्या अशी वेगळी कागदपत्रे आम्ही केली नाहीत.

मूळ तक्रार अशी. 2015-16 पासून बी.एड. एका वर्षाचे दोन वर्षांचे झाले. न्यायमूर्ती वर्मा आयोगाच्या 2012 च्या अहवालानंतर आलेल्या या बदलात होणाऱ्या शिक्षकाने शाळेत जास्त काळ काढावा, यावर मुख्य भर होता. म्हणून दोन वर्षांत 20 आठवडे शाळेसाठी ठेवले गेले आणि त्यांतले 16 दुसऱ्या वर्षात आले. त्याप्रमाणे आपल्याकडे अभ्यासक्रम बदलला, गुणपत्रिका बदलली, आंतरवासितेला स्वतंत्र गुण आले. तासिका देयकाचा नमुना तेवढा जुना राहिला. त्यात सहा रकाने आहेत : दिनांक, वर्ग, विषय, घटक, वेळ, स्वाक्षरी. शाळेत जाऊन पाहिलेल्या पाठाला त्या कागदावर जागा नाही, आणि जागा नाही म्हणून तो तास झालाच नाही असे लेखा विभाग धरतो.

पाठनिरीक्षण म्हणजे मागच्या बाकावर बसून वहीवर सही करणे, असा काहींचा समज असल्याचे फेब्रुवारीतल्या भेटीत आम्हाला जाणवले. म्हणून एका सकाळचा तपशील देतो. तो माझाच आहे.

शाळा सकाळ सत्राची, पहिली तासिका सात दहाला. प्रशिक्षणार्थीचे पाठ टाचण आधी तपासावे लागते, म्हणून पावणेसातला मी फाटकाशी हजर. आठवीचा वर्ग, विषय गणित, घटक बैजिक राशींचे अवयव. पाठ घेणारी मुलगी हुशार, टाचण नीटनेटके, पण तिसऱ्या पाठापर्यंत ती वर्गाशी बोलतच नव्हती. 35 मिनिटांतली 22 मिनिटे तिचे तोंड फळ्याकडे होते. मी घड्याळ लावून मोजली. खिडकीजवळच्या एका मुलाने दोनदा हात वर केला आणि दोनदा खाली घेतला. तिला तो दिसला नाही. पाठ संपल्यावर चर्चेसाठी खोली मिळाली नाही, तेव्हा आम्ही प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर बसलो. फळ्याकडे पाहू नकोस वगैरे काही मी सांगितले नाही. फक्त त्या मुलाच्या हाताबद्दल सांगितले. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "सर, त्याला काय विचारायचं असेल?" चौथ्या पाठाला तिने फळ्यावर अर्धेच उदाहरण लिहिले आणि वळली. नवव्या पाठाला पहिला प्रश्न तिने त्याच मुलाला विचारला. पाठ आणि चर्चा मिळून प्रत्येक वेळी सव्वा तास गेला. त्यानंतर दुपारच्या सत्रातल्या दुसऱ्या शाळेत, शहराच्या दुसऱ्या टोकाला, स्वतःच्या दुचाकीवरून आणि स्वतःच्या पेट्रोलने.

माझ्याकडे गेल्या आंतरवासितेत 12 प्रशिक्षणार्थी होते. प्रत्येकाचे 10 पाठ मी पाहिले, म्हणजे 120 पाठ. दुसऱ्या वर्षाचे वर्ग शाळांत असल्यामुळे त्या 16 आठवड्यांत विभागाच्या वेळापत्रकात माझ्या नावावर पहिल्या वर्षाच्या आठवड्याला तीनच तासिका उरल्या. त्या झाल्या 48. मानधन 48 तासिकांचे मिळाले, तेही सत्र संपल्यानंतर सात महिन्यांनी. उरलेल्या 120 पाठांचे एक रुपयाही नाही. ज्या चार महिन्यांत काम सर्वांत जास्त असते त्याच चार महिन्यांत हातात सर्वांत कमी पैसे येतात, हे गणित आमच्यातल्या प्रत्येकाचे थोड्याफार फरकाने असेच आहे. आमची एक सहकारी तालुक्याच्या गावातल्या शाळेत एसटीने जाते. पहाटेची गाडी चुकली तर पहिला पाठ चुकतो, म्हणून आठवड्यातून दोन रात्री ती गावातल्या ओळखीच्या घरी मुक्काम करते. तिकिटे तिने जपून ठेवली आहेत. ती कोणाकडे सादर करायची, हे तिला आजवर कोणी सांगितलेले नाही.

मी पाठनिरीक्षणाचे तास वेगळ्या कागदावर लिहून देयकाला जोडले. त्यावर लाल शाईने आडवी रेघ मारून 'अनुज्ञेय नाही' असा शेरा आला. दुसऱ्यांदा प्रत्येक नोंदीवर शाळेच्या मुख्याध्यापकांची सही व शिक्का घेऊन पाठवले, तेव्हा 'विहित नमुन्यात नाही' असे लिहून आले. तिसऱ्यांदा पाठवलेला कागद परतच आला नाही.

महोदय, याच पाठनिरीक्षण वह्या नॅक समितीच्या भेटीच्या वेळी विभागाच्या मेजावर मांडल्या होत्या. आंतरवासिता किती काटेकोरपणे चालते याचा पुरावा म्हणून त्या दाखवल्या गेल्या. आदल्या रात्री अकरापर्यंत बसून आम्हीच त्यांना कव्हरे घातली. विद्यापीठाच्या गुणवत्तेसाठी जे तास खरे मानले गेले, तेच तास करणाऱ्याच्या मानधनासाठी खोटे कसे ठरतात, याचे उत्तर आम्हाला हवे आहे.

पैशांहून अधिक लागणारी गोष्ट अनुभव प्रमाणपत्राची. विभागाकडून मिळणाऱ्या प्रमाणपत्रात मानधन दिलेल्या तासिकाच लिहिल्या जातात. एका महाविद्यालयात पूर्णवेळ पदाच्या मुलाखतीला गेलो असता निवड समितीतल्या एका सदस्यांनी प्रमाणपत्र वाचून विचारले, "सत्रभरात 48 तासिका? बाकी वेळ काय करत होता?" मी पिशवीतून बारा प्रशिक्षणार्थींच्या वह्या काढून टेबलावर ठेवल्या. त्या उघडल्या गेल्या नाहीत. शिक्षणशास्त्राचा अध्यापक म्हणून माझा खरा अनुभव त्या वह्यांत आहे आणि विद्यापीठाच्या सहीच्या कागदावर तो नाही. तासिका तत्त्वावरच्या सेवेला पुढे किती किंमत मिळते हे आपण जाणताच. जी थोडी मिळू शकते, तीही अपुऱ्या प्रमाणपत्रामुळे हातची जाते.

आता आश्वासनांबद्दल. पहिल्या निवेदनानंतर आम्हाला सांगण्यात आले, "पुढच्या सत्रापासून करून टाकू." तेव्हापासून चार सत्रे झाली. दुसऱ्या निवेदनानंतर फाइल लेखा विभागाकडे गेल्याचे कळले. लेखा विभागात विचारले तर अशी फाइल आलीच नसल्याचे तीन वेगवेगळ्या दिवशी सांगण्यात आले. फेब्रुवारीत आपल्या दालनात, आपल्या समक्ष, तीन सदस्यांची समिती नेमल्याचे सांगितले गेले आणि आम्ही आभार मानून बाहेर पडलो. एप्रिलमध्ये सदस्यांची नावे विचारली तेव्हा समितीचा आदेशच निघालेला नाही असे समजले. त्या दिवशी मानलेले आभार मनापासूनचे होते, म्हणूनच याचे वाईट वाटते.

आमची मागणी मोठी नाही. देयकाच्या नमुन्यात पाठनिरीक्षणाचा सातवा रकाना घालावा. पाठ आणि त्यावरची चर्चा मिळून एक तासिका धरावी. गेल्या दोन वर्षांतील पाठनिरीक्षणाचे मानधन, शाळेचे सही-शिक्के असलेल्या वह्यांवरून, फरकासह द्यावे. नवा पुरावा मागू नये, कारण वह्या विभागाच्याच कपाटात आहेत. अनुभव प्रमाणपत्रात पाहिलेल्या पाठांची संख्या आणि शाळांची नावे स्वतंत्र ओळीत यावीत. मानधनाच्या दराचा वाद येथे घालत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी 2019 मध्ये अतिथी अध्यापकांसाठी प्रति तासिका 1,500 रुपये आणि महिन्याला कमाल 50,000 रुपये सुचवले होते, हे आम्हाला माहीत आहे. तो प्रश्न योग्य त्या ठिकाणी मांडला जाईल. आज मागतो ते एवढेच की, केलेले काम मोजावे.

दुसरी मागणी बी.एड. व एम.एड. परीक्षांच्या निकालाची. शिक्षक भरतीची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी पहिल्यांदा डिसेंबर 2017 मध्ये झाली आणि त्यानंतरची थेट फेब्रुवारी-मार्च 2023 मध्ये. मधली पाच वर्षे ज्यांची गेली, त्यांची वये कोणी परत दिली नाहीत. 2025 च्या चाचणीला अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही बसू दिले गेले, मात्र उत्तीर्ण झाल्याचा कागद मुदतीत द्यायचा होता. अशा वेळी निकाल लांबला की विद्यार्थ्याची एक भरतीच जाते, आणि पुढची कधी येईल हे कोणीच सांगू शकत नाही. अंतिम सत्राचा निकाल परीक्षा संपल्यापासून 30 दिवसांत लावावा आणि गुणपत्रक त्याच आठवड्यात विभागात पोहोचवावे. परीक्षा विभागाने गेल्या वर्षी हेच कबूल केले होते.

एम.एड. विद्यार्थ्यांसाठी रोजगार मार्गदर्शन कक्षाचा एक प्रतिनिधी शिक्षणशास्त्र विभागात आठवड्यातून एक दिवस बसावा. हा कक्ष सध्या अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाच्या मुलांपुरता चालतो. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांतील अधिव्याख्याता पदे, लोकसेवा आयोगामार्फत भरली जाणारी शिक्षण सेवेतील पदे, पाठ्यपुस्तक व मूल्यमापनाची कामे यांच्या जाहिराती आमच्या मुलांना मुदत संपल्यावर कळतात. बी.एड.धारकांना पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी अपात्र ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट 2023 चा निकाल आल्यापासून पहिल्या नोकरीची वाट आणखी अरुंद झाली आहे. निदान ज्या वाटा उघड्या आहेत त्या वेळेवर दाखवणे विद्यापीठाच्या हातात आहे.

पीएच.डी. विद्यार्थ्यांकडून पर्यवेक्षण, अंतर्गत गुणांकन आणि गैरहजर अध्यापकांच्या तासिका करून घेतल्या जातात. त्याचा लेखी आदेश द्यावा आणि सत्राअखेर प्रमाणपत्र द्यावे.

विभागाचे ग्रंथालय सायंकाळी आठपर्यंत उघडे ठेवावे.

पुढील आंतरवासिता सुरू व्हायला सहा आठवडे उरले आहेत. या निवेदनाचे लेखी उत्तर 15 दिवसांत मिळावे आणि आमच्या पाच प्रतिनिधींना लेखा अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत भेटीची वेळ द्यावी, ही विनंती. या वेळी तोंडी आश्वासन आम्ही स्वीकारणार नाही. निर्णय न झाल्यास पाठनिरीक्षणाचे काम देताना आम्ही प्रत्येकी लेखी आदेश मागू, आणि त्यात तासांचा उल्लेख नसेल तर ते काम घेणार नाही. असे करताना आमचा हात जड होईल, कारण शाळेतली आठवीची मुले आणि आमचे प्रशिक्षणार्थी या दोघांचेही त्यात नुकसान आहे. ते टाळणे आजपासून सहा आठवडे तरी आपल्या हाती आहे.

कळावे,

आपले नम्र,
शिक्षणशास्त्र विभागातील तासिका तत्त्वावरील अध्यापक, एम.एड. व पीएच.डी. विद्यार्थी यांच्या वतीने
निमंत्रक

सोबत : सह्यांची यादी; मागील तीन निवेदनांच्या शिक्क्यासह प्रती; पाठनिरीक्षण वह्यांतील निवडक पानांच्या छायाप्रती; लाल शेऱ्यासह परत आलेली दोन देयके; एसटीची तिकिटे.

प्रत माहितीसाठी : मा. कुलसचिव, मा. वित्त व लेखा अधिकारी, मा. संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ. विभागप्रमुख, शिक्षणशास्त्र विभाग.