लेकरे घरी एकटी राहतात तेव्हा : वर्धा जिल्ह्यातील पालक-शिक्षकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, वर्धा
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, वर्धा
मा. पोलीस अधीक्षक, वर्धा
मा. जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी, वर्धा

विषय : आई-वडील परगावी असताना घरी राहणाऱ्या किशोरवयीन मुलांच्या सुरक्षिततेबाबत

महोदय/महोदया,

आम्ही जिल्ह्यातील माध्यमिक शाळांच्या पालक-शिक्षक संघांचे प्रतिनिधी आहोत. आई-वडील बाहेरगावी गेले आणि दहावीतली मुलगी धाकट्या भावाला घेऊन घरी राहिली, ही आमच्या गावांत नवलाची गोष्ट नाही. कुणी आषाढीला पंढरपूरला जाते, कुणी लग्नकार्याला, कुणी कामाच्या शोधात. यातली बरीच जाणी ठरवून होतात, म्हणून आजी किंवा आत्याला आधी बोलावता येते. दवाखान्याचे तसे नसते. वडिलांना नागपूरला किरणोपचार सुरू झाले की आठवड्यातले पाच दिवस, असे अनेक आठवडे जातात. सोबतीला आई थांबते. सेवाग्राम किंवा सावंगीला भरती करावे लागले तरी एक माणूस खाटेजवळ लागतोच. तेवढे दिवस घर, ढोरे, धाकटी भावंडे आणि शाळा पंधरा-सोळा वर्षांच्या लेकराच्या अंगावर पडते.

कोणत्या वयापासून मुलांना घरी एकटे ठेवावे, असे थेट सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम ९३ बारा वर्षांखालील मूल टाकून देणाऱ्या पालकांना शिक्षा सांगते. बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७५ मुलाची हेतुपुरस्सर हेळसांड करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही ठरवते. दवाखान्यात गेलेली माय या दोन्हींत बसत नाही. इंग्लंडमध्येही कायद्याने वय ठरवलेले नाही. तिथली एनएसपीसीसी ही बालसंरक्षण संस्था मात्र सांगते की बारा वर्षांखालच्या मुलांना जास्त वेळ एकटे सोडू नये आणि सोळा वर्षांखालच्यांना रात्रभर एकटे ठेवू नये. हा सल्ला आम्हाला पटतो, पण त्याने आमचे भागत नाही. तो गृहीत धरतो की पालकांपुढे दुसरी सोय आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे की, वय किती हे विचारण्याआधी हाकेच्या अंतरावर कोण आहे हे विचारले पाहिजे. चौदा वर्षांचा मुलगा भिंतीला भिंत लागून असलेल्या काकूच्या भरवशावर दोन रात्री नीट राहू शकतो. सतरा वर्षांची मुलगी वावरातल्या एकट्या घरात एक रात्रही राहू नये.

दिवाळीनंतर कास्तकाराच्या घरात डोकावून पाहावे. भाव वाढेल या आशेने एक खोली कापसाने छतापर्यंत भरलेली असते. भिंतीपलीकडे चूल किंवा गॅस, वर सैल लोंबणारी वायर, कोनाड्यात दिवा. फवारणीचे उरलेले औषध त्याच घरात, कधी धान्याच्या पोत्याशेजारी. मोठी माणसे सवयीने सांभाळून वावरतात. ती नसताना वीज गेली आणि पोराने मेणबत्ती पेटवली, तर काय होईल हे सांगायला नको. सेलू तालुक्यात बोर व्याघ्र प्रकल्पाच्या कडेच्या गावांची गोष्ट आणखी वेगळी आहे. तिथे रानडुकरे आणि रोही पीक फस्त करतात, म्हणून रात्री जागलीला जावे लागते. बाप दवाखान्यात असला की जागलीला मुलगा जाऊ लागतो, आणि घरी त्याची बहीण खरोखरच एकटी उरते. ‘पोरगा आता मोठा झाला’ असे आपण कौतुकाने म्हणतो, पण वाघाच्या हद्दीत मचाणावर बसणे हे त्या वयाचे काम नव्हे. अशा घरांना पीक नुकसानीच्या पंचनाम्यात आणि सौर कुंपणाच्या लाभात अग्रक्रम मिळावा, ही आमची वन विभागाकडेही मागणी आहे.

सर्वांत आधी आम्हाला हवे आहे ते दवाखान्यात. रुग्ण भरती होताना नाव, गाव, आधार, योजनेचे कार्ड सगळे विचारले जाते. त्याच वेळी ‘घरी लेकरं कोणाजवळ आहेत?’ हा एक प्रश्न विचारला जावा. वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकांनी उत्तर नोंदवावे आणि कुणीच नसेल तर पालकांच्या संमतीने त्याच दिवशी जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवावे. यासाठी नवी इमारत लागत नाही, नवे पद लागत नाही. जिल्हा सामान्य रुग्णालयापासून सुरुवात करावी आणि सेवाग्राम, सावंगी व नागपूरच्या मोठ्या रुग्णालयांना जिल्हाधिकाऱ्यांनी तसे पत्र द्यावे.

कक्षाने पुढे गावात कुणाला सांगायचे, हा नाजूक प्रश्न आहे. ग्राम बाल संरक्षण समिती कागदावर बहुतेक ठिकाणी आहे. तिची बैठक नियमित व्हावी आणि प्रत्येक घरासाठी पालकांनी स्वतः निवडलेली एक जबाबदार व्यक्ती ठरावी. ती व्यक्ती सकाळ-संध्याकाळ दारात जाऊन चौकशी करेल. मात्र कोणत्या घरात मुली एकट्या आहेत याची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर किंवा व्हॉट्सॲपच्या गटावर कदापि जाऊ नये. ही माहिती चुकीच्या माणसाच्या हाती पडली तर संरक्षणासाठी केलेली नोंदच धोका ठरेल. पालकांनी निवडलेली व्यक्ती, अंगणवाडी सेविका आणि मुख्याध्यापक, या तिघांपलीकडे ती गावात जाऊ नये, आणि पालक परतताच काढून टाकावी.

ज्यांना असा शेजार नाही, त्यांच्यासाठी समाजकल्याण व आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहांत प्रत्येक तालुक्यात काही जागा तात्पुरत्या निवासासाठी राखून ठेवाव्यात. स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी शासनाने हंगामी वसतिगृहे चालवली आहेत, म्हणजे तत्त्व मान्यच आहे. पण शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाचा विचार करतो आणि आमची अडचण नववी ते बारावीची आहे. मुख्याध्यापकांच्या एका पत्रावर त्याच दिवशी प्रवेश मिळावा. उत्पन्नाचा दाखला नंतर घ्यावा, दारात अडवू नये.

मुलींबद्दल वेगळे लिहावे लागते. ‘तरण्या पोरीला एकटी कशी ठेवायची’ या काळजीचा शेवट दोनच ठिकाणी होतो : तिची शाळा सुटते, नाहीतर तिचे लग्न उरकले जाते. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आहे, पण आईच्या मनातली ही भीती तो दूर करू शकत नाही. ती भीती वसतिगृहातली राखीव जागा आणि दारावर येणारी ओळखीची बाई दूर करू शकते. आजारी पालकांमुळे गैरहजर राहिलेल्या विद्यार्थिनीचे नाव पटावरून कमी करू नये, तिला परीक्षेला बसू द्यावे.

पोलिसांना आमची विनंती आहे की अशा घरी गेल्यावर पालकांवर गुन्हा दाखल करण्याची घाई करू नये. कलम ७५ मध्येच म्हटले आहे की परिस्थिती आवाक्याबाहेर गेल्यामुळे जन्मदात्यांनी मूल सोडले असेल, तर ते हेतुपुरस्सर मानू नये. जिथे कायदा मूल सोडणाऱ्यालाही ही सवलत देतो, तिथे औषधोपचारासाठी गेलेल्यांना धाक दाखवणे अन्याय होईल. उलट बीट अंमलदाराने १०९८ (बाल मदतवाहिनी) आणि ११२ (आपत्कालीन मदत) हे क्रमांक शाळेत येऊन समजावून सांगावेत आणि मुलांकडून प्रत्यक्ष फोन लावून घ्यावा.

शेवटी मुलांबद्दल. त्यांना कुणी विचारतच नाही. १९३७ साली याच वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम उभी राहिली आणि सेवाग्रामच्या शाळेत स्वयंपाक, सफाई, शेती हा शिक्षणाचाच भाग मानला गेला. त्या जिल्ह्यातल्या आठवी ते दहावीच्या मुला-मुलींना गॅसचा रेग्युलेटर बंद करणे, शॉक लागलेल्या माणसाला न शिवता मेन स्विच पाडणे, साप चावल्यास बांधणे-कापणे न करता तडक दवाखाना गाठणे, हे वर्षाच्या सुरुवातीला शाळेत करून दाखवले जावे. ग्राम बाल संरक्षण समितीत मुलांचेही प्रतिनिधी असतात. त्यांना बैठकीला खरोखर बोलवावे. आणि ‘मला भीती वाटते, मी राहणार नाही’ असे मुलाने सांगितले, तर त्याचे वय काहीही असो, तो नकार पालकांनी, शाळेने आणि समितीने मानावा.

या मागण्यांवर संबंधित सर्व विभागांची संयुक्त बैठक नवे शैक्षणिक सत्र सुरू होण्यापूर्वी बोलवावी, आमचे प्रतिनिधी आणि किमान दोन विद्यार्थी तिला उपस्थित असावेत, आणि झालेल्या निर्णयांची प्रत प्रत्येक शाळेला लेखी मिळावी, ही विनंती.

आपले,
पालक-शिक्षक संघांचे प्रतिनिधी, वर्धा जिल्हा