डॉक्टरांपुढे आपणच गप्प का?

भिशी आटोपली, बायका पांगल्या. पण एकजण मागेच रेंगाळली. पर्समधून तिनं औषधांची पिशवी काढली. मनाच्या आजाराच्या पाच प्रकारच्या गोळ्या! "वहिनी, कुठली कशासाठी, मला ठाऊकच नाही हो. दिवसभर डोळ्यांवर झापड असते. म्हणून रात्रीची एक मी दोन महिने घेतलीच नाही."

हे घरात कुणाला माहीत नव्हतं, डॉक्टरांनाही नाही. तिची झोप उडाली, चिडचिड वाढली. डॉक्टरांना वाटलं, औषध पुरं पडत नाही. त्यांनी आणखी एक गोळी वाढवली.

मैत्रिणींनो, दवाखान्यात नवरा बोलतो, सासूबाई बोलतात. जिला गोळ्या घ्यायच्या, ती मात्र गप्प! भाजीवाल्याला चार प्रश्न विचारणाऱ्या आपण इथेच का बिचकतो?

कधी कधी एकापेक्षा जास्त औषधं खरंच लागतात. त्यात लाज कसली? पण प्रत्येक गोळीचं कारण आपल्याला कळायला हवं. लिथियम चालू असेल तर अधूनमधून रक्त तपासावं लागतं, थायरॉइड आणि किडनीवरही लक्ष ठेवावं लागतं. त्यात अंगदुखीवर आयब्युप्रोफेन परस्पर घेतलं, तर रक्तातलं लिथियम धोकादायक वाढू शकतं. व्हॅल्प्रोएटने पोटातल्या बाळाला अपाय होऊ शकतो. म्हणून मूल हवं असेल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलायचं.

जाताना घरातली सगळी औषधं पिशवीत घ्या. बीपीची, थायरॉइडची, अगदी काढासुद्धा. कागदावर प्रश्न लिहून न्या : ही गोळी कशासाठी? किती दिवस? त्रास काय होईल? यातली एखादी कमी करता येईल का? आणि चुकवलेल्या गोळ्या खरं खरं सांगा. मनानं मात्र एकही बंद करू नका. काही औषधं एकदम सोडली तर आजार उलटतो, कधी फिटही येते.

विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं उपचारांची आणि दुष्परिणामांची माहिती समजेल अशा भाषेत मिळण्याचा हक्क आपल्याला दिलाय.

शेवटी मी तिच्यासोबत गेले. डॉक्टर एवढंच म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंत?" वाढवलेली गोळी त्यांनी बंद केली, झापड आणणारीचा डोस बदलला. ती बाहेर आली ती हसतच. म्हणाली, "वहिनी, आज पहिल्यांदा मी बोलले."