एकदा येऊन गेला, मग परत कसा?

पावसाळा लागला की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तळहात, तळपाय आणि तोंडाभोवती फोड आलेल्या मुलाचा फोटो हमखास येतो. खाली प्रश्न असतो, "गेल्या वर्षी येऊन गेला ना, मग परत कसा?" लगेच शोध सुरू होतो तो कुणी आणला याचा, आणि बोट बहुतेक वेळा कामवाल्या ताईंच्या मुलाकडे किंवा पलीकडच्या वस्तीकडे वळतं.

प्रश्न रास्त आहे, शोध अन्यायाचा. ‘हात-पाय-तोंड’ हे नाव एक, विषाणू अनेक: कॉक्सॅकी ए१६, ए६, ए१०, एन्टेरोव्हायरस ए७१. एकाविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला फारशी अडवत नाही. मी सॉफ्टवेअरवाला, एक बग दुरुस्त केला म्हणून दुसरा मिटत नाही, हे आम्हाला रोज दिसतं.

आईकडून मिळालेली प्रतिपिंडं साधारण सहा महिन्यांत ओसरतात. मोठ्या माणसांपैकी बहुतेकांना लहानपणीच, कित्येकदा काही न जाणवता, संसर्ग होऊन गेलेला असतो. मधली लहान मुलं उघडी पडतात, आणि दरवर्षी त्यांत नव्यांची भर पडते. कोविडच्या दोन वर्षांत बालवाड्या बंद होत्या, तेव्हा अशी मुलं साठत गेली असणार. २०२२मध्ये केरळच्या कोल्लममध्ये ‘टोमॅटो फ्लू’ आला आणि टीव्हीवाल्यांनी देशभर घबराट पसरवली. केरळहून ब्रिटनला परतलेल्या दोन भावंडांचे नमुने तपासले, तर निघाला जुनाच ए१६.

हा आजार बहुधा आठ-दहा दिवसांत आपोआप बरा होतो, अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. ए७१ मात्र मेंदूपर्यंत जाऊ शकतो. चीनमध्ये २००८ ते २०१२ या काळात सुमारे ७२ लाख रुग्ण नोंदले गेले, २,४०० हून अधिक दगावले. तिथे २०१६पासून ए७१ची लस मिळू लागली. त्या विषाणूचं प्रमाण घटलं, पण आजार गेला नाही. ए६ आणि इतर पुढे आले. याला मी लसीचं अपयश मानत नाही. जीव घेणाऱ्या विषाणूवरच तिचा रोख होता.

आपल्याकडे ए७१ची मोठी साथ आली, तर किती मुलांकडे त्याविरुद्ध प्रतिपिंडं असतील? कोविडच्या वेळी देशभर रक्त तपासून सिरो सर्वेक्षणं झाली. पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्था आहे. लहान मुलांसाठी असं सर्वेक्षण ठरावीक काळाने व्हावं आणि आकडे जिल्हावार जाहीर व्हावेत, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

राहिला ‘कुणी आणला’चा प्रश्न. बऱ्या झालेल्या मुलाच्या शौचातून विषाणू कित्येक आठवडे बाहेर पडतो, आणि लक्षणं नसलेला मोठा माणूसही तो पसरवतो. म्हणून फोड दिसणाऱ्या मुलाला दारात अडवून साखळी तुटत नाही. लंगोट बदलल्यावर साबणाने हात धुणं जास्त कामाचं. ताप असलेलं मूल घरी ठेवायचं, तर त्याच्या आईला पगारी सुट्टी हवी. आपल्या कामवाल्या ताईंना ती मिळते का? आणि त्यांचं मूल ज्या अंगणवाडीत जातं, तिथल्या नळाला पाणी येतं का?