लाट पादरी, काझी आणि आमचे इमामसाहेब

चारकोपहून बसने कांदिवली स्टेशन गाठायचे आणि चर्चगेटची लोकल पकडायची, हे ट्रेनिंगच्या आणि पेपर तपासणीच्या निमित्ताने मी वीस वर्षे करते आहे. हे चर्च कुठले, असा प्रश्न मला कधी पडला नाही. तो पडला सातवीतल्या एका मुलीला.

ते चर्च म्हणजे फोर्टातले सेंट थॉमस. 1718 साली नाताळच्या दिवशी ते खुले झाले. त्याच्याकडे जाणारा कोटाचा दरवाजा तो चर्चगेट. कोट पाडला गेला, नाव स्टेशनला राहिले. 1837 मध्ये मुंबईला पहिले अँग्लिकन बिशप मिळाले, थॉमस कार, आणि हे चर्च कॅथेड्रल झाले. कॅथेड्रल म्हणजे जिथे बिशपचे आसन असते ते चर्च. आपल्याकडे दर्ग्याची सज्जादगी किंवा मठाची गादी असते तसे, फक्त इथे गादी बापाकडून मुलाकडे जात नाही.

उर्दूत बिशपला जुना शब्द आहे ‘लाट पादरी’. लाट म्हणजे लॉर्ड, लाटसाहेबातला. अरबीतून आलेला ‘उस्कुफ’ही आहे, आणि गंमत अशी की उस्कुफ आणि बिशप हे दोन्ही एकाच ग्रीक शब्दाची लेकरे आहेत. अर्थ, देखरेख करणारा. नजरानच्या ख्रिस्ती शिष्टमंडळाबरोबर मदीनेला आलेले अबू हारिसा हे उस्कुफच होते, सीरतच्या पुस्तकांत त्यांचा उल्लेख येतो. पण लोकांच्या तोंडी बसला तो लाट पादरी, कारण लोकांना दिसली ती देखरेख नव्हे, सरकार दिसले.

ते चुकीचेही नव्हते. 1813 च्या सनदी कायद्याने कलकत्त्याच्या बिशपला वर्षाला 5000 पौंड ठरवले, तेही हिंदुस्थानच्या महसुलातून. 1833 च्या कायद्याने मद्रास आणि मुंबईची सोय केली. नेमणूक राजाच्या सनदेने होई. म्हणजे कोकणातला कुळवाडी, हिंदू असो की मुसलमान, सारा भरे आणि त्यातून लाट पादरीचा पगार निघे. 1947 पर्यंत मुंबईला आठ बिशप झाले, त्यांत भारतीय एकही नाही. दोर्नकलला व्ही. एस. अझरिया 1912 मध्येच बिशप झाले होते, तरीही.

आमच्याकडे काय चालले होते? 1864 च्या कायद्याने सरकारने काझी नेमणे बंद केले. 1880 च्या काझी कायद्याने ते पुन्हा सुरू झाले, पण न्यायनिवाड्याचा अधिकार त्याबरोबर परत आला नाही. उरले ते निकाह लावणे.

पुढे वाटा वेगळ्या झाल्या. बिशप एडविन पामर 1908 ते 1929 मुंबईत होते. इथले चर्च इंग्लंडच्या चर्चपासून आणि सरकारपासून सुटावे, यासाठी झटणाऱ्यांत ते पुढे होते. 1 मार्च 1930 ला ते कायद्याने सुटले. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा चर्चसंस्था मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, आणि मुंबईचे बिशप आज तिचे आहेत. धर्मप्रांताच्या परिषदेत पाळकांबरोबर साधे सभासदही बसतात. सगळे गोडीगुलाबीचे नाही. चर्चच्या जमिनींवरून खटले झालेत. एका माणसाच्या सहीत फार काही आले की असे होतेच.

वक्फच्या 2025 च्या दुरुस्तीवर आम्ही सगळे बोललो, मीही बोलले. सरकारने आमच्या धर्मकारणात किती शिरावे, हा प्रश्न खराच आहे. पण आत कोण कोणाला जाब देतो, यावर आम्ही गप्प असतो. ‘इस्लाममध्ये पुरोहितशाही नाही’ हे वाक्य मी वर्गात अभिमानाने शिकवते. मग इमामाच्या वर कोण? ट्रस्ट. ट्रस्टच्या वर? कागदावर बोर्ड आहे, धर्मादाय आयुक्त आहेत. पण महिना काही हजारांवर राहणारा इमाम त्या कचेऱ्यांत जाणार कधी, आणि गेला तर राहत्या खोलीचे काय?

पाळकाला निदान बिशपकडे जाता येते. बिशप अन्यायही करील; पण अर्ज कोणाच्या नावाने लिहायचा, हे ठाऊक असते. मला आपल्यात बिशप नको आहे. अर्ज लिहायला एक नाव हवे आहे.

गेल्या वर्षी आमच्या उपनगरातल्या एका मशिदीच्या इमामसाहेबांना जुम्म्यानंतर सांगण्यात आले, रविवारपर्यंत खोली रिकामी करा. कारण सांगितले नाही. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता, उर्दू खुशखत सुरेख. सोमवारी त्याची अम्मी दाखला घ्यायला आली. ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात काय लिहू, मी विचारले. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, ‘बाजी, तबादला लिख दो.’

मी ‘वडिलांची बदली’ लिहिले.