ऊन पाणी

आमच्या मातोश्रींचे माहेर चोपड्याकडचे. वयाची ८४ वर्षे उलटल्यावर त्यांनी एकच हट्ट धरला : "उनपदेवाच्या ऊन पाण्यात एकदा पाय बुडवून येऊ." त्यावर आमची नात विचारती झाली, "पणजी, ऊन? स्वेटरचं?" इंदूरच्या शाळेत ऊन म्हणजे लोकर! आम्ही हसलो खरे. परंतु रोज ऊन ऊन भात जेवणाऱ्या घरातल्या मुलीला हा शब्द ठाऊक नसावा, याचा दोष शाळेच्या माथी कसा मारावा?

मार्गशीर्षातल्या एका पहाटे निघालो. खलघाटाला नर्मदा ओलांडली, सेंधव्यापुढचा बिजासन घाट उतरलो आणि शिरपूरहून चोपड्याच्या रस्त्याला लागलो. अडावदपर्यंत सारे सुरळीत होते. तेथून सातपुड्याकडे वळलो आणि फोनमधल्या नकाशाने आम्हांस एका कपाशीच्या शेतात नेऊन सोडले. वाटेने जाणाऱ्या एका गृहस्थांस आमच्या चिरंजीवांनी सवयीने हिंदीत "गरम पानी का कुंड" विचारले. ते नुसते पाहत राहिले. तेव्हा मातोश्रींनी काचेतून मान बाहेर काढली : "दादा, उनपदेवाची वाट कोणती हो?" लगेच उत्तर मिळाले. त्यानंतर गाडीत पुढची जागा मातोश्रींची झाली, हे सांगणे नलगे.

डोंगराच्या कुशीत गोमुखातून पाण्याची धार पडते, तिच्यावर थंडीत वाफ तरंगताना दिसते. शरभंग ऋषींसाठी श्रीरामाने बाण मारून हे पाणी काढले, अशी कथा सांगतात. भूशास्त्राचे म्हणणे निराळे. येथला काळा पाषाण ज्या लाव्हाचा, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच निवाला. पाणी तापते ते जमिनीच्या पोटातल्या उष्णतेने. पावसाचे पाणी भेगांतून खोल उतरते. दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी उष्णता वाढत जाते, आणि मोठ्या भेगेची वाट सापडली की तेच पाणी निवण्याआधी वर येते. नर्मदा-तापीच्या या पट्ट्यात अशा भेगांना तोटा नाही.

मातोश्री पायरीवर बसल्या, आधी हाताने पाणी चाचपले, मग पाय सोडले. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. पुढे नातीला जवळ घेऊन त्यांनी गावे मोजायला लावली : दापोलीकडचे उन्हवरे, पालीजवळचे उन्हेरे, राजापूरचे उन्हाळे, गुजरातेतली उनाई. संस्कृतातले 'उष्ण' झिजून 'ऊन' झाले, हे आम्ही पुस्तकात वाचले होते. गावांच्या नावांतच पाण्याची खूण ठेवलेली आहे, हे मात्र त्या दिवशी उमगले. सारा जन्म मराठीच्या अभिमानाची भाषणे ऐकण्यात (आणि ठोकण्यात!) गेला, त्याचीही थोडी लाज वाटली.

नातीने बाटलीभर पाणी बरोबर घेतले होते. परतताना सेंधव्याजवळ अंधार पडला. तिने बाटली गालाला लावून पाहिली आणि हळूच म्हणाली, "पणजी, पाणी आता ऊन नाही राहिलं."

मातोश्रींचा डोळा लागला होता. "हो," आम्हीच म्हणालो.