केमोथेरपीनंतरचा ताप : दुखणे नव्हे, धोक्याचा इशारा

कर्करोगावरील उपचारांची चर्चा बहुधा केस गळणे, उलट्या आणि अशक्तपणा यांपाशीच थांबते. जिवावर बेतणारा परिणाम मात्र डोळ्यांना दिसत नाही. केमोथेरपीची औषधे कर्करोगाच्या पेशींबरोबरच अस्थिमज्जेवरही आघात करतात. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, विशेषतः न्यूट्रोफिल, त्यामुळे घटतात. अनेक औषधांच्या बाबतीत हे प्रमाण साधारणपणे सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान नीचांक गाठते. ते प्रति घन मिलिमीटर ५०० च्या खाली गेल्यास रुग्णाच्या स्वतःच्याच आतड्यांतील वा त्वचेवरील जंतूही रक्तात शिरून घातक ठरू शकतात.

खरी अडचण येथेच आहे. आज बऱ्याच रुग्णांना डे-केअर विभागात औषध देऊन त्याच दिवशी घरी पाठविले जाते. साहजिकच धोक्याचे दिवस डॉक्टरांच्या नजरेआड जातात. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात तर देशभरातून रुग्ण येतात. त्यांपैकी गावी परतलेल्यांना पहिला आधार असतो तो जवळच्या दवाखान्याचा किंवा औषधाच्या दुकानाचा. तेथे ‘साधा ताप’ म्हणून पॅरासिटामॉल घेतले जाते. पांढऱ्या पेशीच कमी असल्याने सूज वा पू ही संसर्गाची नेहमीची चिन्हे उमटत नाहीत. अनेकदा ताप हीच एकमेव खूण असते आणि गोळी नेमकी तीच झाकून टाकते. मौल्यवान तास वाया जातात.

तापमान १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक झाल्यास, अथवा थंडी वाजून हुडहुडी भरल्यास, रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठणे आवश्यक आहे. कॅज्युअल्टीत पोहोचताच ‘केमोथेरपी सुरू आहे’ हे प्रथम सांगावे. रुग्ण आल्यापासून तासाभरात प्रतिजैविकाची पहिली मात्रा मिळावी, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

मात्र सारी जबाबदारी रुग्णावर ढकलून चालणार नाही. घाईच्या बाह्यरुग्ण विभागात तोंडी दिलेली सूचना धास्तावलेल्या कुटुंबाच्या लक्षात राहतेच असे नाही. रुग्णाच्या भाषेतील एक कार्ड, त्यावर केमोथेरपीची तारीख, औषधांची नावे आणि चोवीस तास चालणारा दूरध्वनी क्रमांक, शिवाय घरी एक थर्मामीटर, एवढी तरतूद कोणत्याही रुग्णालयाला अशक्य नाही. कर्करोग केंद्रांना जोडण्यासाठी २०१२ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने असे एकसमान कार्ड रुजविल्यास तालुक्याच्या डॉक्टरलाही ते वाचता येईल. महागडी औषधे देणाऱ्या व्यवस्थेने एवढ्या स्वस्त उपायाकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही.