समलिंगी विवाह: हस्तक्षेप कुठे?

१९५४ च्या विशेष विवाह कायद्याखालील लग्नाला धर्मविधी लागत नाही. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ३० दिवस थांबायचे, मग तीन साक्षीदारांसमक्ष सह्या. ना सप्तपदी, ना निकाह. त्यामुळे समलिंगी विवाहाला मान्यता म्हणजे धर्मात सरकारी ढवळाढवळ, हा समलिंगी विवाहाविरुद्ध पत्रे लिहिणाऱ्या पुण्यातल्या कोथरूडकरांचा आक्षेप मुळातच गैरलागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने व्यक्तिगत कायद्यांना हात न लावता समलिंगी विवाहाच्या मागणीवरील सुनावणी याच कायद्यापुरती ठेवली होती. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी घटनापीठाने विवाहाचा मूलभूत हक्क अमान्य करून विषय संसदेवर सोपवला. कोणा भटजीवर सक्ती होण्याचा प्रश्नच नव्हता.

‘हे परदेशी खूळ’ हा दुसरा मुद्दा तर कोथरूडकरांनी तरी काढू नये. ज्यांच्या पुतळ्याला वळसा घालून रोजची वाहतूक जाते, त्या महर्षी कर्व्यांचे चिरंजीव र. धों. कर्वे यांच्यावर १९३४ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाबद्दल अश्लीलतेचा खटला चालला. निमित्त होते वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेली उत्तरे. त्यांत समलिंगी संबंधांचाही विषय होता. बचावाचे वकील डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कर्वे खटला हरले, २०० रुपये दंड झाला. परदेशी म्हणायचेच तर ते ब्रिटिशांच्या १८६० च्या दंडसंहितेतले, समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारे कलम ३७७. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते २०१८ मध्ये रद्दबातल झाले.

समलिंगी जोडप्यांच्या संयुक्त बँक खात्याला व नामनिर्देशनाला आडकाठी नसल्याचे केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले. पण विवाहाला मान्यता नसल्याने, मृत्युपत्र नसेल तर समलिंगी जोडीदार आजही वारस ठरत नाही.